सोसायटीतलं ई-कचरा संकलन आणि चालू वस्तूंची अदलाबदल: तयारीपासून पावतीपर्यंत

प्रश्न असा आहे: ठाण्यात घोडबंदर रोडवर २४० फ्लॅटची सोसायटी. दिवाळीच्या साफसफाईच्या सुमारास एका रविवारी जुने मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, मिक्सर वगैरे गोळा करायचे आहेत. ज्या वस्तू चालू आहेत त्या रहिवाशांनी आपसांत बदलून घ्याव्यात, असाही विचार आहे. एका संस्थेने "सगळं उचलून नेतो, वर कूपन देतो" असं सांगितलंय. तयारी काय करायची, काय घ्यायचं, काय नाही, आणि त्या संस्थेवर किती भरवसा ठेवायचा?

सगळ्या तयारीचा गाभा एकच आहे: खाली आलेल्या वस्तूंचा ढीग होऊ द्यायचा नाही. चालू आणि बंद माल एकत्र पडला की थोड्याच वेळात चालू मालाचंही भंगार होतं. लॅपटॉपवर मिक्सरचं भांडं पडून स्क्रीन जाते. चार्जर वायरींच्या पोत्यात जातो आणि मग तो कुठल्या लॅपटॉपचा, हे कुणालाच सांगता येत नाही. पॉवर बँक त्याच पोत्याच्या तळाशी दाबली जाते, आणि आग लागते ती तिथूनच. खाली जे लिहिलंय ते सगळं वस्तू वेगळ्या ठेवण्याबद्दल आहे.

आधी, माल कुणाला द्यायचा ते. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुन्या नियमांत २१ प्रकारच्या वस्तू होत्या, आता १०६ आहेत. या नियमांनुसार पुनर्चक्रण करणाऱ्याची आणि दुरुस्त करून पुन्हा विकणाऱ्याची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर असावी लागते. नुसतं "आम्ही गोळा करतो" म्हणणाऱ्या संस्थेकडे अशी नोंदणी असेलच असं नाही. ती नसली तरी संस्था खोटी ठरत नाही, पण मग माल पुढे कोणत्या नोंदणीकृत कारखान्यात जातो ते तिने लेखी द्यायला हवं. कारखान्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक घ्या, पोर्टलवरच्या यादीशी ताडून बघा, आणि त्या कारखान्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कारखाना चालवण्याचं, चालू मुदतीचं संमतीपत्र आहे का ते विचारा. वसई-वाडा पट्टा घोडबंदरहून फार लांब नाही. शक्य असेल तर कमिटीतल्या दोघांनी प्रत्यक्ष जाऊन यावं. तिथे सर्किट बोर्ड आणि बॅटऱ्या कशा ठेवल्यात, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

सोसायटी स्वतः नियमांतली 'मोठी ग्राहक' ठरते का, हा प्रश्न मीटिंगमध्ये हमखास निघतो. नियमांतल्या व्याख्येप्रमाणे ज्या आस्थापनेने आर्थिक वर्षात कधीही यादीतली किमान १००० उपकरणं वापरली, ती मोठी ग्राहक. सोसायटीची स्वतःची उपकरणं म्हणजे ऑफिसमधला कॉम्प्युटर, सीसीटीव्ही, पंपांची पॅनल, क्लबहाउसमधला टीव्ही. रहिवाशांच्या घरातल्या वस्तू सोसायटीच्या नव्हेत. त्यामुळे बहुतेक सोसायट्या त्या व्याख्येत बसत नाहीत. मात्र गोळा केलेला माल पार्किंगमध्ये साठवून ठेवू नका. ज्या दिवशी गोळा केला त्याच दिवशी तो बाहेर गेला पाहिजे.

आता कूपन. कूपन किलोवर आहे की नगावर, हे आधी विचारा. किलोवर असेल तर दोनशे ग्रॅमच्या चालू फोनची किंमत लोखंडासारखी लागते आणि माणसं नकळत चांगली वस्तू भंगारात टाकतात. चालू फोन आणि लॅपटॉपसाठी एक्सचेंजचा भाव घरबसल्या दोन-तीन ठिकाणी काढून बघावा. ॲपवर दिसणारा आकडा आणि माणूस दारात येऊन तपासून देतो तो आकडा यांत फरक पडतो. फरक पडण्याची कारणं ठरलेली असतात: स्क्रीनवर डाग किंवा रेघ, बॅटरीची खालावलेली क्षमता, कॅमेऱ्याच्या काचेला तडा, चार्जिंगचा सैल झालेला सॉकेट, बिल नसणं. दुकानातला "एक्सचेंज बोनस" मात्र वेगळा. तो नवीन खरेदीशी बांधलेला असतो, जुन्या वस्तूची ती किंमत नव्हे. नवीन काही घ्यायचंच नसेल तर बोनसचा हिशोब धरू नये.

रहिवाशांना सूचना तीन आठवडे आधी गेली पाहिजे, कारण सगळ्यात जास्त वेळ डेटा काढायला लागतो. रविवारी सकाळी टेबलावर उभं राहून कुणी फोन रिकामा करू शकत नाही. सूचनेत नेमका क्रम द्या. अँड्रॉइड फोन असेल तर आधी व्हॉट्सॲपचा बॅकअप, मग नवीन फोनवर यूपीआय ॲप आणि ओटीपी तयार करणारी ॲप चालू करून बघणं, ई-सिम असेल तर ते हलवणं, मग सेटिंगमध्ये जाऊन गूगल खातं काढून टाकणं आणि शेवटी फॅक्टरी रीसेट. खातं आत असताना कुणी बटणं दाबून रिकव्हरीतून रीसेट केलं, तर फोन चालू होताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो. पुढच्या माणसाच्या हातात तो निव्वळ वीट. आयफोनमध्ये ॲपल खात्यातून बाहेर पडून 'फाइंड माय' बंद केल्याशिवाय हेच होतं. सिम आणि मेमरी कार्ड काढलंय का, ते टेबलावर पुन्हा एकदा बघायचं. मेमरी कार्ड रीसेटने पुसलं जाईलच असं धरून चालू नका.

फोन चालूच होत नसेल तर? काही जण त्याला ड्रिलने भोक पाडतात किंवा हातोडी मारतात. हे कदापि करू नका, आत लिथियम बॅटरी असते. दुसऱ्या फोनवरून गूगल किंवा ॲपल खात्यात जाऊन ते जुनं उपकरण यादीतून काढा, बँक आणि ईमेलचे पासवर्ड बदला, आणि असे फोन वेगळ्या क्रेटमध्ये "तुकडे करण्यासाठी" असं लिहून द्या. ते तुमच्या माणसासमोर मोजून घ्यायला लावा.

लॅपटॉप आणि डेस्कटॉपवर नुसतं फॉरमॅट मारलं की फाइली जातात, हा समज चुकीचा आहे. झटपट फॉरमॅटने अनुक्रमणिका जाते, मजकूर तिथेच राहतो आणि फुकटच्या सॉफ्टवेअरनेही परत मिळतो. विंडोजमध्ये 'रीसेट धिस पीसी' करताना सगळं काढण्याचा पर्याय निवडून पुढे 'क्लीन डेटा' चालू करायचं. साध्या फिरत्या हार्ड डिस्कला यात काही तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवावं. पूर्ण डिस्कवर एकदा शून्य लिहिलं की घरगुती वापराला पुरेसं होतं. एसएसडीसाठी (चिपवर साठवणाऱ्या, न फिरणाऱ्या डिस्कसाठी) मात्र कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं किंवा बायोसमधलं (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमधलं) 'सिक्युअर इरेज' वापरावं. ज्यांना डिस्क द्यायचीच नाही त्यांनी ती काढून घरी ठेवावी. बऱ्याच लॅपटॉपना तळाचे स्क्रू काढले की ती हाती लागते.

दोन वस्तू सगळे विसरतात. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या डब्यात, हार्ड डिस्क असते. आणि डीटीएच किंवा केबलचा सेट-टॉप बॉक्स कित्येकदा भाड्याचा, म्हणजे ऑपरेटरच्या मालकीचा असतो. तो ऑपरेटरला परत करावा.

तिसरी अडचण आपल्या भागात विशेष आहे. ऐरोली, महापे, वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांनी घरून काम करताना दिलेले लॅपटॉप अनेकांच्या कपाटात पडून आहेत. ते रहिवाशाच्या मालकीचे नाहीत. कंपनीचं पत्र असल्याशिवाय असा लॅपटॉप घेऊ नका, अदलाबदलीत तर मुळीच नको. मागे मालमत्ता क्रमांकाचं स्टिकर किंवा चालू करताच कंपनीचं लॉगिन दिसलं की ओळख पटते.

प्रत्यक्ष दिवसासाठी जागा तळमजल्यावर, हवा खेळती असलेली निवडा. क्लबहाउससमोरचा पोर्च उत्तम, बेसमेंट किंवा बंद पोडियम पार्किंग नको. वेळ सकाळी ९ ते १. टेम्पो दीड वाजता बोलवा. तो सकाळपासून उभा राहिला की माणसं थेट त्यातच माल टाकतात आणि केलेली सगळी विभागणी फुकट जाते. घोडबंदरच्या वाहतुकीचा अंदाज धरून चालकाला साडेबाराला निघायला सांगा. छोटा हत्ती साधारण ७५० किलो वाहतो, पण मॉनिटर-टीव्ही असले की वजनाआधी जागाच संपते. २४० फ्लॅटसाठी दोन फेऱ्या किंवा एक मोठी पिकअप सांगून ठेवावी.

दहा माणसं आणि चार टेबलं पुरतात. पहिल्या टेबलावर नोंद: फ्लॅट क्रमांक, वस्तू, चालू की बंद, चार्जर सोबत आहे का, डेटा काढला का, आणि सही. दुसऱ्यावर बॅटऱ्या वेगळ्या करायच्या. तिसऱ्यावर चालू वस्तूंची तपासणी, चौथ्यावर बंद माल क्रेटमध्ये भरणं. सामान म्हणून भाजीचे पंधरा-वीस प्लास्टिक क्रेट, शंभर किलोचा वजनकाटा, मास्किंग टेप, मार्कर, इन्सुलेशन टेपचे पाच-सहा रोल, जाड हातमोजे आणि कोरड्या वाळूच्या तीन बादल्या. जिन्याजवळच्या लाल फायर बादल्यांमधली वाळू बहुधा ओली असते आणि त्यात थोटकं असतात. ती आदल्या आठवड्यात उन्हात वाळवून, चाळून घ्या.

चार्जर आणि वस्तू मास्किंग टेपने एकमेकांना बांधा, पहिल्याच टेबलावर. लॅपटॉपचा चार्जर बहुधा १९ किंवा १९.५ व्होल्टचा, राउटरचा ५, ९ किंवा १२ व्होल्टचा असतो आणि कित्येकदा पिन एकमेकांना बसते. १२ व्होल्टचा ॲडॉप्टर ५ व्होल्टच्या सेट-टॉप बॉक्सला किंवा राउटरला लावला की ते उपकरण जागीच जातं. सुटा ॲडॉप्टर आला तर त्यावरचा व्होल्ट-अँपियरचा मजकूर टेपवर ठळक लिहून ठेवा.

तपासणीच्या टेबलावर सोसायटीचा इलेक्ट्रिशियन बसवा आणि त्याला सिरीज बोर्ड, म्हणजे वस्तू एका बल्बमार्फत जोडून तपासायचा बोर्ड, आणायला सांगा. बल्ब सिरीजमध्ये असला की वस्तू शॉर्ट असली तरी बल्ब भकभकीत पेटतो, क्लबहाउसचा एमसीबी पडत नाही. इस्त्री, गीझर, मिक्सर अशा जास्त वॉटच्या वस्तूंवर बल्ब तसाही बराच उजळतो, म्हणून तिथे मल्टिमीटर लागतो. १००० वॉटच्या इस्त्रीचा रोध पन्नास ओमच्या आसपास यायला हवा. शून्याजवळ आला तर शॉर्ट, काहीच आला नाही तर कॉइल तुटलेली किंवा थर्मोस्टॅट गेलेला. दुसरी चाचणी तितकीच महत्त्वाची: प्लगच्या दोन लहान पिनांपैकी कोणतीही पिन आणि वस्तूचं धातूचं अंग यांच्यात जोड दिसता कामा नये. दिसला तर ती वस्तू कितीही चकचकीत असो, अदलाबदलीच्या टेबलावर जाणार नाही. अशा मिक्सरचा शॉक ओल्या हाताच्या माणसाला बसतो.

लॅपटॉपची पारख पाच मिनिटांत होते. चार्जर काढून चालतो का, बिजागरी सैल आहे का, सगळी बटणं उमटतात का, बायोसला पासवर्ड आहे का. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे चांगले चालणारे अनेक लॅपटॉप आता बाहेर काढले जातायत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. पण त्याआधीचा लॅपटॉपही ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी घातली, वर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टम टाकली, की अभ्यास, ईमेल, व्हिडिओ यांना कित्येक वर्षं पुरतो. असा लॅपटॉप वितळवण्यात काहीही अर्थ नाही. नवीन लॅपटॉप बनताना जे खनिज उकरावं लागतं आणि जी वीज खर्च होते, ती कोणत्याही पुनर्चक्रणातून पूर्ण परत मिळत नाही.

अदलाबदलीत फोन घेणाऱ्याने *#०६# लावून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक बघावा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासावा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन तिथे लगेच कळतो. देणाऱ्याचं नाव, फ्लॅट आणि आयएमईआय दोघांच्या सहीनिशी एका कागदावर लिहून ठेवा. पुढे कधी पोलिसांची विचारणा आली तर हाच कागद कामाला येतो.

आता बॅटऱ्या. इथे घाई करायची नाही. मोबाइल, पॉवर बँक, लॅपटॉप, ब्लूटूथ स्पीकर, मुलांच्या खेळण्यांतल्या गाड्या, या सगळ्यांत बहुधा लिथियम-आयन बॅटरी असते. सुट्या बॅटरीची दोन्ही टोकं इन्सुलेशन टेपने झाका. टोकं एकमेकांना किंवा लोखंडाला टेकली की शॉर्ट होऊन ती तापते, आणि एका मर्यादेपलीकडे आतली रासायनिक प्रक्रियाच उष्णता वाढवत नेते. मग ती थांबवता येत नाही. फुगलेली बॅटरी ओळखायला सोपी: फोनचं मागचं झाकण उचललं गेलेलं, लॅपटॉपचा टचपॅड वर आलेला, पॉवर बँक टेबलावर ठेवली की डुलते. ती दाबायची नाही, टोचायची नाही, "चालते का बघू" म्हणून चार्जिंगला तर लावायचीच नाही. फोनमधून उपसूनही काढू नका, स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना ती वाकते आणि पेटते. अख्खा फोन वाळूच्या बादलीत ठेवा, वर चार बोटं वाळू घाला, बादली सावलीत पण उघड्यावर, गाड्या आणि ईव्ही चार्जरपासून लांब. झाकण घट्ट लावू नका, वायू कोंडला तर धोका वाढतो. एका बादलीत एकच फुगलेली वस्तू. पेट घेतलाच तर धूर श्वासात घेऊ नका, तो विषारी असतो. माणसं लांब करा, १०१ लावा. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा दबते, पण बॅटरी पुन्हा भडकू शकते. ती थंड करण्यासाठी भरपूर पाणी लागतं.

इन्व्हर्टरची बॅटरी या कार्यक्रमात आणूच नका. ती लेड-ॲसिडची असते, पन्नास-साठ किलो वजनाची, आडवी झाली की ॲसिड सांडतं. तिच्यासाठी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ वेगळे आहेत आणि नवीन बॅटरी घेताना विक्रेता जुनी पैसे वळते करून घेतो. तोच मार्ग बरोबर.

मोठ्या वस्तूंची नुसती नावं नोंदवा आणि कारखान्याच्या माणसांना घरून उचलू द्या. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून, पाणी काढून, उभाच ठेवावा, आणि दार दोरीने बांधावं, म्हणजे लहान मूल आत अडकणार नाही. बरेच नवे फ्रिज आर-६००ए गॅसवर चालतात, तो ज्वालाग्राही असतो. स्प्लिट एसी काढताना मेकॅनिककडून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून (याला पंप-डाउन म्हणतात) व्हॉल्व्ह बंद करून घ्यावेत. तांब्याची नळी कापून गॅस हवेत सोडण्याची सवय सर्रास आहे. एसीतल्या गॅसांपैकी आर-२२ ओझोनला मारक आहे आणि आर-२२, आर-४१०ए दोन्हीही तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडपेक्षा साधारण दोन हजार पटींनी जोरकस आहेत. एवढ्यासाठीच पंप-डाउन करून देणारा मेकॅनिक शोधावा.

पिक्चर ट्यूबचा टीव्ही दोघांनी उचलायचा, काच आपल्या छातीकडे ठेवून. सगळं वजन काचेच्या बाजूला असतं, आणि मागची बारीक मान कशावर आपटली तर ट्यूब आतल्या आत फुटते. त्या काचेत शिसं असतं. पाठीचं झाकण उघडून तांब्याची कॉइल काढून घेतलेला टीव्ही कुणी आणला तर घ्या जरूर, पण स्वतंत्र ठेवा आणि कारखान्याला सांगा.

ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो. सगळे कारखाने त्या घेत नाहीत, म्हणून आधी विचारा. घेत असतील तर मूळ खोक्यात, उभ्या ठेवा. फुटलीच तर केरसुणी फिरवू नका. माणसं बाजूला करा, पंधरा मिनिटं हवा खेळू द्या, मग जाड कागदाने तुकडे गोळा करून बरणीत बंद करा. पाऱ्याचा थर्मामीटर आणि पाऱ्याचं बीपी मशीन इतर मालात अजिबात मिसळू नये. डिजिटल बीपी मशीन आणि ग्लुकोमीटर चालतात, सेल काढून.

भंगारवाल्याचं काय, हाही प्रश्न येईल. पंखा, वॉशिंग मशीनचा पत्रा, मिक्सरची मोटर यांतलं लोखंड, ॲल्युमिनियम आणि तांबं तो उत्तम वेगळं करतो आणि त्यावर त्याचं घर चालतं. त्याला वैरी मानायचं कारण नाही. पण सर्किट बोर्ड त्याच्याकडून पुढे जिथे जातात तिथे सोनं काढायला उघड्यावर ॲसिड वापरलं जातं, आणि वायरी जाळल्या जातात. त्या धुरात आणि त्या पाण्यात माणसं राबतात. म्हणून बोर्ड, बॅटऱ्या, पिक्चर ट्यूब, फ्रिज आणि एसी नोंदणीकृत कारखान्याकडेच. बाकीचं निव्वळ धातूचं सामान नेहमीच्या भंगारवाल्याला द्यायला हरकत नाही.

टेम्पो भरताना प्रत्येक क्रेट आपल्या काट्यावर आपल्या समोर मोजा आणि प्रकारानुसार वजन लिहा. कारखान्याच्या लेटरहेडवरची पावती घ्या: नोंदणी क्रमांक, गाडी क्रमांक, तारीख, प्रकारवार वजन, फोन-लॅपटॉप-हार्ड डिस्क नगावर. पैसे मिळणार असतील तर ते सोसायटीच्या खात्यात, रोख नको. पुनर्चक्रणाचं प्रमाणपत्र नंतर येतं. त्याची मुदत पावतीवरच लिहून घ्या आणि त्यावरचं वजन आपल्या रजिस्टरशी जुळवून बघा. चाळीस-पन्नास किलोंचा फरक निघाला तर लेखी विचारा.

अदलाबदलीच्या टेबलावर दुपारी जे उरेल, ते "कुणीतरी नेईल" म्हणून ऑफिसच्या माळ्यावर चढवू नका. देणाऱ्याकडून सकाळीच विचारून ठेवा: उरलं तर परत नेणार, दुरुस्ती करणाऱ्या नोंदणीकृत केंद्राला द्यायचं, की बंद मालात टाकायचं. तीनपैकी एकावर रजिस्टरमध्ये खूण करून घेतली की टेम्पो निघण्याआधी टेबल रिकामं होतं.